पिरेसला सलाम, रिकेट्सला टोमणा

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. एक पुण्यातल्या रविवार सकाळच्या टर्फवाल्यांचा, दुसरा मडगावच्या जुन्या दोस्तांचा आणि तिसरा चक्क सोसायटीचा, जिथे एरवी पार्किंग आणि पाण्याचा टँकर यांपलीकडे विषय जात नाही. म्हणजे मेसेज भरपूर फिरला म्हणायचा.

वर पांढऱ्या जर्सीतल्या एका खेळाडूचा फोटो, खाली जगाचा नकाशा आणि त्यावर लाल बाण. मजकुराचा सारांश असा: रोहन रिकेट्स हा इंग्लिश मिडफिल्डर आर्सेनलमध्ये घडला, टॉटनहॅमकडून प्रीमियर लीग खेळला, इंग्लंडच्या संघातही पोचला. मग माज आला. आर्सेनलचा मॅनेजर वेंगर याने आधीच ओळखून त्याला हाकललं होतं. पुढे एकाही क्लबात टिकला नाही, दर तीन महिन्यांनी क्लब बदलायचा, पैसा दिसेल तिकडे पळत हंगेरी, मोल्दोव्हा असं करत शेवटी घसरत घसरत गोव्यात धेंपो क्लबात पेन्शन खायला आला. धेंपोनेही घेतला, कारण नावच रोहन, मूळचा आपलाच. आणि शेवटी तात्पर्य: मुलांनो, शिस्त नसली की असं होतं.

मी रिकेट्सचा वकील नाही. तो फार मोठा खेळाडू होता असंही माझं म्हणणं नाही, आणि त्याचं पोस्टर मी कधी भिंतीला लावलेलं नाही. पण मडगावच्या फातोर्डा स्टेडियमच्या पायऱ्यांवर माझ्या बऱ्याच संध्याकाळी गेल्या आहेत, आणि हा मेसेज वाचून डोकं भणभणलं. एकेक वाक्य घेतो. मेसेजच्या क्रमाने नाही, माझ्या सोयीने.

"इंग्लंडच्या संघात पोचला"

हे तर सरळ दुसऱ्याच माणसाचं आहे. इंग्लंडकडून खेळला तो मायकेल रिकेट्स, बोल्टनचा स्ट्रायकर. 13 फेब्रुवारी 2002 रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये नेदरलँड्सविरुद्ध, सामना 1-1 बरोबरीत सुटला. मायकेलच्या वाट्याला इंग्लंडचा तेवढाच एक सामना आला. पुढे तो मिडल्सब्रोला गेला, मग लीड्सला. रोहनशी त्याचं नातं आडनावापुरतं. रोहन इंग्लंडच्या मुख्य संघाकडून कधीच खेळलेला नाही.

मेसेजमधला फोटो मी बोटांनी मोठा करून पाहिला. टॉटनहॅमच्या जर्सीवर चेंडूवर उभा असलेला कोंबडा असतो. इथे छातीवर पांढऱ्या गुलाबाची ढाल आहे. म्हणजे जर्सी लीड्सची, आणि माणूस बहुधा मायकेल. ज्या पोस्टला फोटोही धड लावता आला नाही, तिच्याकडून चारित्र्याचा दाखला घ्यायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

"नावच रोहन, मूळचा आपलाच"

हा मुद्दा वाचून मी हसलो, कारण चूक गोड आहे. रिकेट्स दक्षिण लंडनच्या क्लॅपमचा, जन्म 22 डिसेंबर 1982. रोहन हे नाव कॅरिबियन बेटांवर अगदी रुळलेलं आहे. बॉब मार्लेच्या एका मुलाचं नाव रोहन. उलट आपल्याकडे या नावाचा एक प्रसिद्ध प्रवास कॅरिबियनमधूनच झालाय. गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते गयानाच्या रोहन कन्हायवरून. कन्हाय भारतीय वंशाचा होता हे खरं, पण तेवढ्यावरून क्लॅपमच्या पोराची कुळी काढायची म्हणजे ऋषी नावाच्या प्रत्येकाला ब्रिटनचा माजी पंतप्रधान समजण्यासारखं आहे.

आणि समजा तो भारतीय वंशाचा असता, तरी धेंपोला काय फायदा होता? पासपोर्ट ब्रिटिश म्हणजे संघात तो परदेशी खेळाडूच. परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांपैकी एक त्याने खाल्लीच असती. मायकेल चोप्राला विचारा. भारतीय वंशाचा, न्यूकॅसलकडून खेळलेला, भारताकडून खेळायची इच्छाही होती. पासपोर्टच्या अटीवर सगळं अडलं. पुढे केरळा ब्लास्टर्समध्ये आला तोही परदेशी म्हणूनच.

"वेंगरने ओळखलं आणि हाकललं"

5 नोव्हेंबर 2001. आर्सेनलच्या जुन्या हायबरी मैदानावर लीग कपचा सामना. आर्सेनल 4, मँचेस्टर युनायटेड 0, विल्टोर्डचे तीन गोल. दोन्हीकडच्या बड्या मंडळींना बरीचशी विश्रांती दिलेली. वेंगर लीग कपात पोरांना खेळवायचा. अठरा वर्षांचा रिकेट्स त्या रात्री बदली म्हणून मैदानात उतरला. आर्सेनलच्या मुख्य संघाकडून त्याचा तेवढाच एक सामना.

आता त्या हंगामातली आर्सेनलची मधली फळी आठवा. विएरा, पार्लर, एदू, व्हॅन ब्राँकहॉर्स्ट. डावीकडे रॉबेर पिरेस, उजवीकडे फ्रेडी ल्युंगबेर्ग. त्या वर्षी या संघाने प्रीमियर लीगही जिंकली आणि एफए कपही. यांतल्या कुणाला उठवून अठरा वर्षांच्या पोराने खुर्ची घ्यायची होती? पिरेस आणि ल्युंगबेर्ग ही दोन नावं मात्र लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहेत, आणि आपल्याच दारात.

"वेंगरने सोडलं म्हणजे पोरात दम नव्हता" हे गणित किती कच्चं आहे ते स्टीव्ह सिडवेलवरून कळतं. आर्सेनलच्या त्याच युवा पिढीतला मिडफिल्डर. त्याला तर मुख्य संघाकडून एकही सामना मिळाला नाही. 2003 च्या जानेवारीत तो रेडिंगला गेला. 2005-06 मध्ये रेडिंगने 106 गुणांचा विक्रम करून दुसऱ्या विभागातून प्रीमियर लीग गाठली, सिडवेल त्या संघाचा कणा होता. पुढे चेल्सीने त्याला घेतलं. आर्सेनलसारख्या क्लबातून बाहेर पडणं ही त्या वयातली नेहमीची घटना आहे, आणि बाहेर पडणाऱ्यांमध्ये सगळ्या प्रतीचे खेळाडू असतात.

रिकेट्सचं म्हणाल तर तो 2002 च्या उन्हाळ्यात फ्री ट्रान्सफरवर गेला तो थेट टॉटनहॅमला, म्हणजे आर्सेनलच्या सात पिढ्यांच्या वैऱ्याकडे. तिथला मॅनेजर होता ग्लेन हॉडल. स्वतः हॉडल इतका नजाकतीचा मिडफिल्डर होता की पासिंगबद्दल त्याचं मत कुणी खोडत नाही. 2003-04 मध्ये रिकेट्स टॉटनहॅमसाठी प्रीमियर लीग नियमित खेळला. त्या क्लबाकडून त्याचे लीगमधले सामने 30 च्या घरात जातात. हाकललेल्या पोराला कोपऱ्यावरच्या शत्रूच्या घरात वर्षभरात जेवायला बसवतात का?

"एकाही क्लबात टिकला नाही"

मेसेजचा सगळा भार याच वाक्यावर आहे, म्हणून इथे जरा बसतो.

आधी मोजणी. मेसेजमध्ये कव्हेंट्री आणि क्वीन्स पार्क रेंजर्स हेही "सोडलेले" क्लब म्हणून धरलेत. दोन्ही लोन होते. लोन म्हणजे करार मूळ क्लबाशीच, पगाराची जबाबदारी दोघांनी आपसांत ठरवायची, ठरलेली मुदत संपली की खेळाडू परत. सरकारी खात्यातला माणूस डेप्युटेशनवर जातो तसं. डेप्युटेशनवरून परत आलेल्याला आपण "तिथे टिकला नाही" म्हणत नाही. वुल्व्ह्जमध्येही तो आधी लोनवरच गेला आणि 2005 मध्ये क्लबाने त्याला कायमचा घेतला. म्हणजे त्या एका ठिकाणी तर तो लोनवर जाऊन टिकला, नेमकं उलट झालं.

आता वुल्व्ह्जने का घेतला ते पाहा. तिथे तेव्हा मॅनेजर कोण होता? पुन्हा ग्लेन हॉडल. टॉटनहॅमने हॉडलला सप्टेंबर 2003 मध्ये काढलं. उरलेला हंगाम डेव्हिड प्लीटने हंगामी म्हणून ओढला. 2004 च्या उन्हाळ्यात फ्रान्सहून जाक सांतिनी आला आणि 13 सामन्यांत राजीनामा देऊन गेला. मग मार्टिन योल. सव्वा वर्षात चार मॅनेजर! नव्या मॅनेजरला स्वतःची माणसं हवी असतात, आणि आधीच्याने आणलेला विशी-एकविशीतला मिडफिल्डर त्याच्या यादीत तळाला असतो. हॉडल वुल्व्ह्जला गेला आणि त्याने आपल्या ओळखीच्या पोराला बोलावून घेतलं. 2006 च्या जुलैत हॉडलनेही वुल्व्ह्ज सोडलं, मिक मॅकार्थी आला, वर्षभरात रिकेट्स बाहेर. मध्ये बार्न्सली झालं. 2008 मध्ये तो कॅनडात टोरोंटो एफसीकडे गेला तेव्हा तिथला कोच जॉन कार्व्हर, आणि एप्रिल 2009 मध्ये कार्व्हरने राजीनामा दिला. त्याच वर्षी रिकेट्सचा टोरोंटोतला मुक्काम संपला. तीन क्लब, तिन्ही ठिकाणी आधी मॅनेजर गेला आणि मागोमाग हा. ज्याने कधी खाजगी कंपनीत साहेब बदललेला अनुभवला आहे त्याला यात नवल वाटू नये.

करार कसे असतात हेही जरा जवळून पाहा. इंग्लंडमध्ये हंगाम मेमध्ये संपतो, करार 30 जूनला. प्रत्येक क्लब मेमध्ये यादी काढतो: हे ठेवले, हे सोडले. खालच्या विभागांत एका फटक्यात दहा-बारा जण सुटतात. मॅनेजरच्या केबिनमध्ये पाच मिनिटांची भेट, हस्तांदोलन, मग ड्रेसिंग रूममधले बूट काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायचे आणि गाडीच्या डिकीत टाकायचे.  जुलैत सगळे क्लब सराव सुरू करतात, आणि सुटलेला माणूस एजंटच्या फोनकडे डोळे लावून पार्कात एकटा पळत असतो. ऑगस्ट उजाडला आणि फोन आला नाही तर ट्रायल. दहा दिवस कुठल्यातरी गावातल्या हॉटेलात राहायचं, ओळखीच्या नसलेल्या पोरांबरोबर सराव करायचा, आणि अकराव्या दिवशी "आवडलास, पण बजेट नाही" ऐकून परतीची ट्रेन धरायची.

एकेकाळी याच्या उलटी स्थिती होती. करार संपला तरी इंग्लिश क्लब खेळाडूची नोंदणी दाबून ठेवू शकत, त्याला ना पगार ना मोकळीक. जॉर्ज ईस्टहॅमने कोर्टात जाऊन 1963 मध्ये ती पद्धत खिळखिळी केली. 1995 च्या बोस्मन निकालानंतर करार संपलेला खेळाडू युरोपात फुकट मोकळा झाला. मोकळीक मिळाली, पण तिची दुसरी बाजू अशी की क्लबालाही आता सहा महिन्यांचा करार करून बघायला काही जात नाही. तेविशी ओलांडलेल्या खेळाडूचं प्रशिक्षण शुल्कही लागत नाही. मोकळा, पंचविशीपुढचा मिडफिल्डर म्हणजे क्लबासाठी जवळजवळ बिनखर्चाचा प्रयोग. जमलं तर ठीक, नाहीतर जानेवारीत निरोप.

याच प्रशिक्षण शुल्काचा एक किस्सा, जाता जाता. रिकेट्स 2010 मध्ये जर्मनीत विल्हेल्म्सहाफेन या चौथ्या श्रेणीच्या क्लबात होता. अर्जेंटिनातून आलेल्या एका पोराचं प्रशिक्षण शुल्क तिथल्या क्लबांना दिलं नाही म्हणून फिफाने पुढे या विल्हेल्म्सहाफेनचे गुण कापायला लावले आणि शेवटी त्याला खालच्या श्रेणीत ढकललं. क्लब जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला आणि 2016 मध्ये जिंकला. रिकेट्सचा त्याच्याशी संबंध नाही, पण अशा क्लबांतून खेळणाऱ्याची जमीन किती भुसभुशीत असते ते यावरून कळावं.

आणि "दर तीन महिन्यांनी क्लब बदलायचा" हे तर नियमातच बसत नाही. फिफाच्या नियमांनुसार एका हंगामात खेळाडूची नोंदणी फार तर तीन क्लबांकडे होते आणि अधिकृत सामने साधारणपणे दोघांकडूनच खेळता येतात. 2009-10 मध्ये रिकेट्सचे दोन युरोपीय क्लब दिसतात: हंगेरीतलं दिओशग्योर आणि मोल्दोव्हातलं दाचिया किशिनाऊ. 2010-11 मध्ये पुन्हा दोन: विल्हेल्म्सहाफेन आणि इंग्लंडमधलं एक्सेटर. कोटा भरला की गडी बसला.

आपल्याकडे, विशेषतः कोल्हापुरात, तालीम बदलणाऱ्या खेळाडूकडे लोक कसे बघतात ते मला ठाऊक आहे. पाटाकडीलचा पोरगा उद्या खंडोबाच्या जर्सीत दिसला तर त्याच्या घरच्यांनाही ऐकावं लागतं. ती निष्ठा मला आवडते. पण तालीम हे घर आहे आणि विल्हेल्म्सहाफेन ही नोकरी आहे. इंग्रजीत अशा खेळाडूला जो शब्द वापरतात, जर्नीमन, तो प्रवासावरून आलेलाही नाही. उमेदवारी पूर्ण केलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कारागीर असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे हातात कसब आहे, मालकी नाही. मराठीत आपण अशाला बारा गावचं पाणी प्यालेला म्हणतो आणि त्यात थोडा वचक असतो. मेसेज लिहिणाऱ्याला तेवढंही सुचलं नाही.

"पैसा दिसेल तिकडे पळाला"

मोल्दोव्हात? पैशासाठी?

जगभरच्या खेळाडूंची संघटना फिफप्रो हिने 2016 मध्ये 54 देशांतल्या सुमारे 14,000 व्यावसायिक फुटबॉलपटूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या 41 टक्क्यांचा पगार आधीच्या दोन हंगामांत कधी ना कधी उशिरा झाला होता. 45 टक्क्यांहून जास्त जणांना महिन्याला 1,000 डॉलरपेक्षा कमी मिळत होते. हे हौशी नाहीत, ज्यांचं पोट फुटबॉलवर आहे असे लोक आहेत. आणि पूर्व युरोपातले बरेच देश या पाहणीत वाईट बाजूला होते. रिकेट्सने स्वतःही त्या भागात पगार थकल्याच्या कहाण्या उघडपणे सांगितल्या आहेत.

पगार थकला की काय करायचं? आपल्याला वाटतं, करार मोडायचा आणि निघायचं. पण किती महिने थकला म्हणजे मोडता येतो, याचं स्पष्ट कलम फिफाच्या नियमांत 2018 च्या जूनपर्यंत नव्हतं. आता 14 बिस नावाचं कलम आहे: दोन महिन्यांचा पगार थकला, लेखी नोटीस देऊन 15 दिवस वाट पाहिली, तरी पैसे आले नाहीत तर करार मोडता येतो. त्याआधी प्रत्येक प्रकरण आधीच्या निवाड्यांच्या आधारावर भांडावं लागे. भांडण निकाली लागेस्तोवर खेळाडूचं वय वाढतं, आणि मधल्या काळात भाकरीसाठी दुसरा क्लब शोधावाच लागतो. मग नकाशावर आणखी एक लाल बाण उमटतो, आणि आपण म्हणतो, बघा, पळाला.

पैशासाठी खेळतो यात मला लाजण्यासारखं काही दिसत नाही, हेही सांगून टाकतो. मीही पैशासाठीच ऑफिसला जातो.

"घसरत घसरत गोव्यात पोचला, पेन्शन खायला"

या वाक्याने मला लिहायला बसवलं.

आधी "घसरत". गोव्यात येण्यापूर्वी, 2011 मध्ये, रिकेट्स डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्समध्ये होता. त्या ऑगस्टमध्ये रोव्हर्सने बेलग्रेडमध्ये जाऊन पार्टिझानला हरवलं आणि युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत पोचणारा तो पहिला आयरिश क्लब ठरला. गटात कोण आलं? टॉटनहॅम. 29 सप्टेंबरला टॉटनहॅमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर स्टीफन राइसने रोव्हर्सला आघाडीही मिळवून दिली होती, शेवटी टॉटनहॅमने 3-1 ने जिंकलं. म्हणजे मेसेजमधल्या उताराच्या तळाशी, गोव्याच्या एक पायरी आधी, युरोपा लीग उभी आहे. असा उतार कुठे असतो?

मग "पेन्शन". 2012 साली धेंपोकडे आला तेव्हा रिकेट्स तिशीच्या आत होता. आणि ते धेंपो म्हणजे काय होतं हे नव्या पोरांना ठाऊक नसेल, कारण त्यांचा भारतीय फुटबॉल इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलपासून सुरू होतो. त्याआधीची देशातली अव्वल लीग म्हणजे आय-लीग, आणि तिची पहिली सहा विजेतेपदं गोव्याबाहेर गेलीच नाहीत: धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. कोलकात्याचे मोठे दोन क्लब सहा वर्षं बघत राहिले. 2012 हेच धेंपोच्या पाचव्या राष्ट्रीय विजेतेपदाचं वर्ष. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली हा संघ वर्षानुवर्षं एकत्र खेळत होता. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. 2008 मध्ये एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठलेला संघ. आघाडीला रँटी मार्टिन्स, ज्याने 2011-12 च्या एका हंगामात 32 गोल ठोकले. अशा ड्रेसिंग रूममध्ये कुणी आराम करायला येत नाही. दुपारच्या उन्हात फातोर्ड्यावर नव्वद मिनिटं खेळून दाखवावं असं मी हा मेसेज लिहिणाऱ्याला सुचवेन. पहिल्या पंधरा मिनिटांत पेन्शन कळेल.

गोव्यातला त्याचा मुक्काम लांबला नाही, हे खरं आहे, आणि ते मी लपवत नाही. माझं मत विचाराल तर तेव्हाच्या भारतीय क्लबांना परदेशी खेळाडू म्हणजे एकतर गोलांची मशीन किंवा बचावातली भिंत हवी असायची. मधे राहून चेंडू फिरवणारा, बाजूला सरकून जागा करून देणारा परदेशी माणूस प्रेक्षकांनाही महागडा वाटायचा.  रिकेट्स तिथे खास चमकला असं कुणी म्हटलं तर मीच हरकत घेईन. पुढे तो इक्वेडोरच्या केवेडोत गेला, थायलंडच्या रायोंगमध्ये गेला, हाँगकाँगलाही खेळला.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली दोन नावं.

2014 च्या ऑक्टोबरमध्ये आयएसएल सुरू झाली. एफसी गोवाचा मार्की खेळाडू, म्हणजे संघाचा मुख्य नामवंत चेहरा, होता रॉबेर पिरेस. होय, आर्सेनलच्या डाव्या बाजूचा तोच पिरेस, ज्याच्यामागे रांगेत 2001 मध्ये आपला अठरा वर्षांचा रिकेट्स उभा होता. पिरेसने 2011 नंतर खेळणं थांबवलेलं होतं. निवृत्तीतून उठून आला आणि त्या महिनाअखेरीस 41 वर्षांचा झाला. मुंबई सिटीने आणला फ्रेडी ल्युंगबेर्ग, वय 37, दोन वर्षांपूर्वी बूट टांगलेले. मोजक्या सामन्यांत दिसला. पुण्याच्या संघात आला जर्मेन पेनंट, आर्सेनलच्या त्याच युवा पिढीतला, रिकेट्सबरोबर वाढलेला. सगळी स्पर्धा 12 ऑक्टोबरला सुरू होऊन 20 डिसेंबरला संपली. दहा आठवडे!

आम्ही काय केलं? मी सांगतो मी काय केलं. पुण्याहून रात्रीची बस पकडून मडगावला गेलो. स्टेडियमबाहेरच्या गाड्यावर रोस ऑम्लेट खाल्लं, शर्टावर रस्सा सांडला, आणि पिरेस वॉर्म-अपला आमच्या कोपऱ्याकडे आला तेव्हा चाळिशीचा मी शाळकरी पोरासारखा ओरडलो. त्याने डाव्या पायाने चेंडू नुसता थांबवला. बाकी काही केलं नाही. शेजारचे काका छातीवर क्रूस काढून म्हणाले, "देव बरें करूं." त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की हा माणूस घसरत गोव्यात पोचलाय. पेन्शन हा शब्द कुणी उच्चारला नाही. एफसी गोवाच्या मालकांत तेव्हा दत्तराज साळगावकरांबरोबर श्रीनिवास धेंपो होते, म्हणजे घरही फार लांबचं नव्हतं. मैदान तेच, गाव तेच. एक 29 वर्षांचा माणूस पूर्ण हंगामाच्या लीगमध्ये नोकरी करायला आला तर तो वाया गेलेला, आणि 41 व्या वर्षी दहा आठवड्यांसाठी आला तो दंतकथा.

पिरेसचं कौतुक कमी करावं असं मी म्हणत नाही. ल्युंगबेर्गचं शेवटच्या वर्षांतलं फिरणं मात्र नकाशावर मांडून बघा: लंडनमध्ये वेस्ट हॅम, मग सिएटल, शिकागो, ग्लासगोचं सेल्टिक, जपानचं शिमिझू, मुंबई. पेनंट पुण्यानंतर सिंगापूरला खेळला, नंतर इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत. लाल बाण त्यांचेही तेवढेच होतील. त्यांच्यावर मेसेज येत नाही, कारण त्यांच्या बाणांच्या सुरुवातीला एखादं पदक किंवा 2007 ची चॅम्पियन्स लीग फायनल आहे.

"शिस्त नसली की असं होतं"

बेशिस्तीचा एक तरी दाखला मेसेजमध्ये असता तर उत्तर दिलं असतं. नाही. फुटबॉलमध्ये नवा खेळाडू घेण्याआधी मॅनेजर त्याच्या आधीच्या मॅनेजरला फोन करतो, हा अलिखित रिवाज आहे. हॉडलने तर स्वतःलाच विचारलं असेल आणि स्वतःच हो म्हणाला असेल. त्यानंतर टोरोंटो, डब्लिन, मडगाव, रायोंग. आळशी आणि माजुर्ड्या माणसाला तिशीनंतरही परक्या देशांत कुणी बूट बांधू देत नाही. त्याला दुसऱ्याच उन्हाळ्यात फोन येणं बंद होतं.

हे सगळं जरा आटोपशीर करून मी तिन्ही ग्रुपांवर टाकलं, लीड्सच्या जर्सीवर गोल करून. टर्फवाल्यांपैकी एकाने मेसेज डिलीट केला, पण आधी पुढे पाठवून. मडगावच्या ग्रुपवर दोन तास धेंपोच्या 2012 च्या अकरा जणांची यादी लावण्यावरून भांडण चाललं आणि राइट बॅकवर येऊन अडलं, ते अजून सुटलेलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी अंगठा दाखवला आणि लगेच खाली लिहिलं की उद्या टँकर सकाळी सातऐवजी सहाला येणार आहे, बी विंगने गाड्या काढून ठेवाव्यात.